दगड मारू नका रे, लागेल!

मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी दुपारी आम्ही घरी ‘मुंज्या’ पाहिला. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. सिनेमाभर तो हसत होता, मुंज्याच्या आवाजाची नक्कल करत होता. रात्री मात्र उशी घेऊन आमच्या खोलीत आला. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे भाषण तयारच होतं : तो मुंज्या खरा नाही, कॉम्प्युटरवर बनवलेला आहे, नट-नट्या रिकाम्या जागेकडे बघून घाबरल्याचा अभिनय करतात वगैरे. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. हे सगळं त्याला माहीत होतं. त्याचा प्रश्न वेगळाच होता.

“बाबा, तो झाडावर एकटाच राहतो? संध्याकाळी त्याला कोणी घरी बोलावत नाही?”

मला उत्तर सुचलं नाही. झोप आता, म्हटलं. पण ते डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी आत्याला फोन केला, कारण आमच्या घरात भुताखेतांचं खातं तिच्याकडे आहे. तिनं जे सांगितलं ते पुढे येईलच. आधी थोडं मुंजाबद्दल, कारण आपल्या पिढीतल्या बऱ्याच जणांना तो या सिनेमामुळेच ठाऊक झाला आहे.

आदित्य सरपोतदार यांचा हा हिंदी सिनेमा जून २०२४मध्ये आला. कोकणातला गोट्या नावाचा मुलगा मुंजीनंतर काही दिवसांतच मरतो आणि झाडावर बसून लग्नाचा हट्ट धरतो, अशी गोष्ट. सिनेमानं त्याला दात, नखं आणि भरपूर मस्ती दिली आहे. आजीच्या तोंडच्या मुंजाला यातलं काहीच नव्हतं. तो दिसायचाही नाही. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत मुलगा गेला, तर तो मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो, एवढंच. पण या ‘एवढंच’मध्येच सगळी गोम आहे. मुंज झाली म्हणजे तो आता आईच्या ताटात जेवणारा बाळ राहिला नाही. सोडमुंज झाली नाही म्हणजे लग्नाची, संसाराची वाट अजून उघडली नाही. एक दार मागे बंद झालं आणि पुढचं उघडायच्या आत तो गेला. म्हणून तो दोन्हीच्या मध्ये, झाडावर.

(हल्ली बऱ्याच घरांत सोडमुंज थेट लग्नाच्या वेळी उरकतात. म्हणजे पुण्या-बंगळुरूच्या आयटी कंपन्यांत बसलेले, मुंज झालेले आणि लग्न न झालेले आपले सगळे भाऊबंद तांत्रिकदृष्ट्या धोक्याच्या क्षेत्रात आहेत. मीही सहा वर्षं होतो.)

मुंजाच्या जुन्या छापील नोंदींपैकी एक १९१५ साली निघालेल्या कोकणच्या लोकसमजुतींच्या इंग्रजी संग्रहात आहे. गावोगावच्या शाळामास्तरांकडून मागवलेल्या माहितीवर तो आधारलेला आहे. ही माहिती जमवणारा अधिकारी म्हणजे ए. एम. टी. जॅक्सन, नाशिकचा तोच कलेक्टर, ज्याला डिसेंबर १९०९मध्ये अनंत कान्हेरे यांनी नाटकगृहात गोळ्या घातल्या. पुढे एन्थोवेन या दुसऱ्या अधिकाऱ्यानं ती सामग्री संपादित करून छापली. शाळेत जॅक्सनचं नाव आपण एकाच कारणासाठी पाठ करतो. तोच माणूस आपल्या पिंपळांवर कोण कोण बसतं याचीही माहिती गोळा करत होता, हे वाचून मी चकित झालो. ब्रह्मसमंध, वेताळ, हडळ अशा दांडग्या मंडळींच्या यादीत आठ-दहा वर्षांचा हा पोरगाही आहे.

आता बरखेड्याकडे. आजोबा १९६२ साली विदर्भातल्या आर्वीहून हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये नोकरीला आले, म्हणजे आजच्या भेलमध्ये. माझं लहानपण बरखेड्याच्या क्वार्टरमध्येच गेलं. शेजारची वस्ती पिपलानी, तिच्या तर नावातच पिंपळ ऐकू येतो. आमच्या क्वार्टरांच्या रांगेमागे, नाल्याच्या कडेला, एक भला मोठा पिंपळ होता. पिंपळाच्या पानाचा देठ लांब आणि बारीक असतो, त्यामुळे इतर झाडं गप्प असतानाही तो सळसळत राहतो. हे विज्ञान मला फार पुढे कळलं. तेव्हा आमच्या टोळीत सिंग, नायर, बॅनर्जी, कुळकर्णी असे सगळे होते आणि त्या सळसळीचा अर्थ सगळ्यांना मान्य होता : वर मुंजा आहे. मराठी भूत आम्ही अख्ख्या सेक्टरला दिलं, याचा मला अभिमानही होता.

लाइट गेले की खेळ ठरलेला. झाडाजवळ जायचं, वर दगड मारायचा आणि पळत सुटायचं. आणि दर वेळी मागच्या दारातून आजीचा आवाज यायचा, “दगड मारू नका रे, लागेल!”

आम्ही अजून जोरात पळायचो. भूत लागतं हे मराठी मुलाला सांगावं लागत नाही. नायरलाही मी ते समजावून दिलं होतं.

अमावास्येला आजी त्या झाडाच्या बुंध्याशी द्रोणात दहीभात ठेवून यायची. घाबरून ठेवते, असं आम्ही धरून चाललो. मोठ्या भुताला लाच.

पुढे कॉलेजात, हॉस्टेलमध्ये, मला जगभरचे मुंजे भेटत गेले. त्यात मला दोन जाती दिसतात.

एक, जे कधी मूल नव्हतेच, फक्त मुलासारखे दिसतात. मियाझाकींच्या ‘प्रिन्सेस मोनोनोके’मध्ये (१९९७) कोदामा आहेत. कोदामा म्हणजे जपानी समजुतीतला झाडाचा आत्मा, आणि डोंगरात उठणाऱ्या प्रतिध्वनीलाही तिकडे हाच शब्द आहे. सिनेमात ते वीतभर उंचीचे, पांढरे, डोळ्यांच्या जागी नुसती भोकं असलेले. नायक जखमी माणसाला पाठीवर घेऊन जंगलातून चाललेला असतो, तर तेही एकमेकांना पाठुंगळी घेऊन त्याची नक्कल करत चालतात. मग मान कलती करून खुळखुळा वाजावा तसं डोकं खडखडवतात. ते काही वाईट करत नाहीत, तरी अंगावर काटा येतो. ब्राझीलचा कुरुपिरा याच जातीतला : लाल केसांचा पोरगा, जंगलाचा राखणदार, आणि पाय उलटे. शिकारी त्याच्या पावलांवरून माग काढायला गेले की भलतीकडेच पोचतात. १५६०मध्ये एका पाद्र्यानं त्याच्याबद्दल पत्रात लिहून ठेवलं आहे, आणि २०२५ साली बेलेम शहरात जागतिक हवामान परिषद झाली तेव्हा तोच तिचा शुभंकर होता. उलटे पाय म्हटल्यावर मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

हे का घाबरवतात? मूल दिसलं की आपण नकळत वाकतो, हात पुढे करतो. त्याला आपली गरज आहे असं आपण धरूनच चालतो. कोदामाला आपली काडीचीही गरज नाही. तो आपल्यापेक्षा शेकडो वर्षांनी मोठा आहे आणि आपल्याकडे पाहुण्याकडे बघावं तसं बघतो.

दुसरी जात याच्या उलट. ही मुलं खरोखर कुणाची तरी होती, आणि त्यांना अजून काहीतरी हवं आहे. स्वीडनमध्ये मीलिंग नावाचं भूत आहे. नको असलेली, बाप्तिस्मा न झालेली तान्ही मुलं जंगलात टाकून दिली जात, त्यांचं हे भूत. रात्री एकट्या वाटसरूच्या पाठीवर ते चढतं आणि म्हणतं, मला स्मशानात ने, नीट पुरून टाक. वाटसरू चालू लागला की पावलागणिक त्याचं वजन वाढत जातं. विक्रमाच्या पाठीवरचा वेताळ निदान गोष्टी तरी सांगतो. ‘झेल्डा’ हा व्हिडिओ गेम खेळलेल्यांना स्कल किड आठवत असेल. हरवलेल्या जंगलात वाट चुकलेलं मूल तसं होतं. मी त्याला किती वेळा मारलं असेल, आणि तो हरवलेला मुलगा आहे हे तिथे सांगितलेलं असूनही कधी मनावर घेतलं नाही.

आणि पीटर पॅन! तो भूत नाही म्हणतील. पण जेम्स बॅरीचा थोरला भाऊ डेव्हिड १८६७मध्ये बर्फावर पडला आणि गेला, तेव्हा तो जेमतेम चौदा वर्षांचा होत होता. जेम्स सहा वर्षांचा. आईनं अंथरूण धरलं. गेलेला मुलगा आता कधीच मोठा होणार नाही, कायम पोरच राहील, या विचारात तिला थोडा दिलासा मिळत असे, असं सांगतात. १९०४मध्ये त्यानं कधीच मोठा न होणारा मुलगा रंगमंचावर आणला. आपण तो मुलांना झोपताना वाचून दाखवतो.

आत्याला फोन केला तेव्हा मला वाटलं, ती एखादी चुरचुरीत भुताची गोष्ट सांगेल. मी मुलाचा प्रश्न सांगितला. ती जरा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, “अरे, तुझ्या बाबांच्या आधी आणखी एक होता. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा.”

मी छत्तीस वर्षांचा आहे आणि हे मला पहिल्यांदा कळत होतं. १९५६च्या वैशाखात आर्वीला त्याची मुंज झाली. आत्या तेव्हा पाच वर्षांची. तिला त्याचं मुंडण केलेलं डोकं आठवतं आणि भिक्षावळीचे लाडू तिच्यापासून लपवून ठेवलेले आठवतात. सोडमुंज दिवाळीनंतर करू म्हणून ठेवली होती. श्रावणात मुदतीचा ताप आला. तेरा दिवस.

“अण्णांना भोपाळची नोकरी लागली ना, तर आई यायलाच तयार नव्हती,” आत्या सांगत होती. “म्हणायची, तो इथे राहील आणि मी तिकडे? अण्णा असल्या गोष्टी मानणारे नव्हते. पण त्यांनी भोपाळहून पत्र लिहिलं, की इथे वस्तीचं नावच पिपलानी आहे आणि क्वार्टरामागे मोठा पिंपळ आहे. मुंजाला काय, या पिंपळावरून त्या पिंपळावर. तो येईल. तेव्हा कुठे तिनं सामान बांधलं.”

मग तिला दगडांचं सांगितलं, आम्ही कसे मारायचो ते. म्हटलं, आजी ओरडायची, लागेल म्हणून.

“हो,” आत्या म्हणाली, “त्याला लागेल म्हणायची ती.”

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तसाच बसलो. माझ्या रोजच्या कामात ‘झोंबी प्रोसेस’ नावाची एक चीज असते. मूळ प्रोसेस दुसरी एक सुरू करते, पहिलीला पालक आणि दुसरीला मूल म्हणतात. मुलाचं काम कायमचं थांबतं, पण त्याच्या अखेरीची नोंद पालक वाचत नाही, तोवर त्याचं नाव यादीत तसंच राहतं. आम्ही या नावावर चिकार विनोद करतो. आजीनं ती नोंद सत्तेचाळीस वर्षं वाचली नाही. २००३मध्ये ती गेली, त्या महिन्यापर्यंत दहीभात ठेवला जात होता.

तिच्या एकटीची ही गोष्ट नव्हती. शंभर वर्षांपूर्वी आपल्या देशात जन्मणाऱ्या हजार मुलांतली सुमारे दोनशे पहिल्या वाढदिवसाआधीच जात. आपल्या मध्य प्रदेशात २०२०मध्येही हा आकडा ४३ होता, देशातल्या राज्यांत सर्वांत जास्त. इतकी मुलं गेल्यावर गावोगावच्या पिंपळांवर कोणीच बसलं नसतं, तर नवल.

मुंज ब्राह्मणी संस्कार, म्हणून मुंजाही त्याच घरचा, असं पुस्तकं सांगतात. लोकांनी मात्र त्याला तिथेच ठेवलं नाही. शेंदूर फासलेला दगड मांडून त्याचा मुंजोबा केला. जळगाव जिल्ह्यात यावलजवळ अट्रावलला मुंजोबाची यात्रा भरते, पुण्यात धानोरीला मुंजाबा वस्ती आहे. घाबरवणाऱ्या पोराला जेवू घालून आपलासा करायचा, हा मार्ग मला सिनेमातल्या मांत्रिकापेक्षा कितीतरी शहाणपणाचा वाटतो. एक गोष्ट मात्र खटकते. गेलेल्या मुलीचा असा मुंजा माझ्या ऐकण्यात नाही. मुली तर तितक्याच गेल्या असतील. त्यांच्यासाठी कुठलं झाड?

गेल्या महिन्यात मुलाला घेऊन बरखेड्याला गेलो. आम्ही आता अवधपुरीत राहतो, दहा मिनिटांचा रस्ता, तरी वर्षानुवर्षं त्या गल्लीत शिरलो नव्हतो. आमचं क्वार्टर बंद आहे, व्हरांड्यात गवत वाढलं आहे. पिंपळ आहे. कुणीतरी त्याला पार बांधला आहे आणि एका बाजूला मोटारसायकली लागतात. मुलानं वर बघितलं, बराच वेळ. मग विचारलं, “त्याचं नाव काय होतं?” आत्याकडून ते मी विचारून घेतलं होतं. सांगितलं. त्यानं एकदा हाक मारली, फार मोठ्यानं नाही, आणि मग त्याला भूक लागली.

पुढच्या वैशाखात त्याची मुंज करायचं घाटतं आहे. परवा आत्याचा फोन आला होता. कार्यालय, आचारी, मातृभोजन, सगळं बोलून झालं. ठेवता ठेवता म्हणाली, “आणि हे बघ, सोडमुंज लग्नापर्यंत ठेवू नका. त्याच दिवशी उरकून घ्या. चालतं हल्ली.”

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. मी लगेच हो म्हटलं.