शाखेच्या नावाआधी अभ्यासक्रमाचे पान

बारावीनंतर : लेखांक ४

एमएचटी-सीईटीचा निकाल लागला की घरोघरी कॅपच्या ऑप्शन फॉर्मवरून खलबते सुरू होतात. यादीत सर्वांत वर कॉम्प्युटर, खालोखाल आयटी, मग एआय आणि डेटा सायन्स. बाकीच्या शाखा ‘काहीच नाही मिळालं तर’. त्यामागची अपेक्षा साधी असते : वातानुकूलित कचेरी, शनिवार-रविवार सुट्टी, बरा पगार, जमल्यास घरून काम. या अपेक्षेत वावगे काहीच नाही. मागच्या लेखात आपण शुल्क आणि शैक्षणिक कर्जाचा हिशेब पाहिला. या लेखाचा मुद्दा एवढाच की, जे सहा महिन्यांच्या क्लासमध्ये शिकता येते त्यासाठी तीन-चार वर्षे आणि काही लाख रुपये खर्चू नयेत. क्लासमध्ये जे मिळत नाही ते देणारी पदवी निवडावी, मग तिचे नाव कितीही जुनाट वाटो.

मुळात संगणकासमोरची सगळी कामे सारखी सुखाची नसतात. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा हिंजवडीत उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. परदेशी ग्राहकाच्या यंत्रणेवर लक्ष ठेवणाऱ्याला अनेकदा त्याच्या घड्याळाप्रमाणे जागावे लागते. त्याच इमारतीत नव्या प्रणालीची रचना ठरवणारा मात्र कामाची वेळ बऱ्याच अंशी स्वतः ठरवतो. खुर्ची दोघांचीही सारखीच, फरक पडतो तो कामाच्या अवघडपणाने. जे काम पायरी-पायरीने लिहून उद्या दुसऱ्याच्या हाती देता येते, ते करणाऱ्याच्या सोयीची फिकीर कंपनीला फारशी नसते. मोठ्या सेवा कंपन्यांत नव्या पदवीधराचा सुरुवातीचा वार्षिक पगार दशकभर साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळतो आहे, तो यामुळेच. त्यात २०२४-२५ पासून एआयसीटीईने चांगली कामगिरी असलेल्या महाविद्यालयांसाठी शाखानिहाय जागांची कमाल मर्यादा उठवली. साहजिकच सर्वाधिक मागणीच्या शाखांत गर्दी वाढत राहणार.

मग अवघड आणि टिकाऊ ज्ञान कोणते? इतिहास याचे उत्तर देतो. एकेकाळी फ्लॅश येणाऱ्याला वेबसाइटच्या धंद्यात मोठी मागणी होती. २०२० अखेर अ‍ॅडोबीने फ्लॅश प्लेअरचा आधारच काढून घेतला. उलट एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल मॉडेलवर आजही जगभरातल्या बँकांचा कारभार चालतो. भाजीवाल्याचा क्यूआर कोड स्कॅन करून आपण चाळीस रुपये देतो, तेव्हा एका बँकेतून रक्कम वजा होऊन दुसऱ्या बँकेत जमा व्हावी लागते. मध्येच नेटवर्क तुटले तर? पैसे कापले गेले आणि पोहोचलेच नाहीत, हा अनुभव बहुतेकांना असतो. अशा वेळी व्यवहार पूर्ण तरी व्हावा नाही तर पूर्ववत तरी व्हावा, उत्तर आले नाही म्हणून दुसऱ्यांदा विचारणा झाली तर रक्कम दोनदा वजा होऊ नये, याची तजवीज कुणीतरी आधीच करून ठेवलेली असते. ती करायला डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम आणि नेटवर्क यांची मुळातली समज लागते. स्क्रीनवरचे बटण कोणत्या भाषेत लिहायचे, हा भाग त्यामानाने लवकर शिकता येतो.

म्हणून शाखेच्या नावाआधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा अभ्यासक्रम उघडावा. कॉम्प्युटर आणि एआय-डेटा सायन्स या शाखांची दुसऱ्या वर्षाची पाने शेजारी ठेवली तर डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, डेटा स्ट्रक्चर्स असे बरेच विषय दोन्हीकडे दिसतात. ते जिथे पक्के आहेत आणि सोबत संख्याशास्त्र, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क आहे, ती पदवी चांगली. जिथे या विषयांच्या जागी एकेका सॉफ्टवेअरची नावेच पेपर म्हणून दिसतात, तिथे सावध व्हावे. इंजिनीअरिंगचे शुल्क झेपत नसेल तर पुणे विद्यापीठाच्या बीसीएसमध्ये संगणकाबरोबर गणित आणि इलेक्ट्रॉनिक्सही असते. पुढे दोन वर्षांच्या एमसीएची वाट मोकळी आहे. संख्याशास्त्रातली बीएस्सी तर याद्यांत मागे पडलेली असली, तरी डेटाच्या कामाला ती अनेकदा जास्त उपयोगी पडते.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे : कॅम्पसला येणारी कंपनी अभ्यासक्रम वाचत बसत नाही, ती शाखा आणि साठ टक्क्यांची अट पाहते. खरे आहे. म्हणूनच चांगल्या कंपन्या येतात ते महाविद्यालय आणि साधी, जुनी शाखा यांची जोडी, नव्या नावाची शाखा असलेल्या अनोळखी महाविद्यालयापेक्षा उजवी ठरते. पण ती अट फक्त दार उघडते. पाचव्या-दहाव्या वर्षी बढती मिळते ती समजेवर. दुसरा आक्षेप असा की, आता एआयच कोड लिहिणार, मग ही मेहनत कशाला? पण एआयला सर्वांत सहज जमते ते ठरावीक साच्यातले काम. त्याने लिहिलेले बरोबर आहे का, लाखो लोक एकाच वेळी आले तर ते तग धरेल का, हे तपासणाराच उरतो. २०२५ च्या जुलैमध्ये टीसीएसने सुमारे बारा हजार जणांना, म्हणजे दोन टक्के मनुष्यबळाला, कमी करण्याचे जाहीर केले. त्यांत मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतले लोक होते, आणि कंपनीने कारण दिले ते एआयचे नव्हे, कौशल्ये जुळत नसल्याचे. नुसत्या अनुभवाचा आधार पुरत नाही, हे यातून दिसते.

तिसरा आक्षेप विद्यार्थ्यांचाच असतो : गणिताची धास्ती आहे, पण संगणक हवा. अशांनी स्वतःची फसवणूक करू नये. डिझाइन, टेस्टिंग, तांत्रिक लेखन, जीआयएस ही कामेही संगणकावरचीच आहेत आणि त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. मात्र गणित टाळून कॉम्प्युटरला प्रवेश घ्यायचा आणि चार वर्षे बॅकलॉग सोडवत बसायचे, हा सौदा महागात पडतो. ऑप्शन फॉर्म भरण्याआधी पसंतीच्या तीन पदव्यांच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचे विषय कागदावर लिहावेत आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न मांडावा : हे क्लासमध्ये सहा महिन्यांत जमेल का? ज्या यादीत ‘नाही’ जास्त, ती पदवी वर ठेवावी.

(पुढील लेखात : बीसीए की इंजिनीअरिंग?)