बॅटरीतील किमान शिल्लक

फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लान्ते यांनी १८५९ मध्ये पुनःपुन्हा प्रभारित करता येणारी शिसे-आम्ल बॅटरी तयार केली. आजही अनेक घरांतील इन्व्हर्टर याच प्रकारच्या बॅटरीवर चालतात. तिच्या निवडीत खरेदीच्या किमतीइतकेच महत्त्व वापराच्या शिस्तीला आहे.

समजा, बॅटरीवर १२ व्होल्ट व १५० अँपिअर-तास असे आकडे आहेत. त्यांचा गुणाकार १,८०० वॅट-तास, म्हणजेच १.८ युनिट वीज. मात्र ही सर्व वीज वापरणे हितावह नसते. वीज खर्च होताना पट्टिकांवर लेड सल्फेट जमते व प्रभारणाने ते नाहीसे होते. परंतु बॅटरी वारंवार पूर्ण रिकामी केल्यास किंवा तशीच ठेवल्यास त्याचे कठीण स्फटिक बनतात आणि साठवणक्षमता कायमची घटते. म्हणून बचत खात्यातील किमान शिल्लकेप्रमाणे निम्मी वीज राखून ठेवावी. उरलेल्या ०.९ युनिटवर ३०० वॅटचे पंखे-दिवे, इन्व्हर्टरमधील घट वगळता, सुमारे तीन तास चालतात.

लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली. तिच्यातील लिथियम आयर्न फॉस्फेट हा प्रकार अधिक खोलवर रिकामा करता येतो व अधिक आवर्तने टिकतो. आरंभीचा खर्च मात्र जास्त असतो.

यास्तव खरेदीपूर्वी किमतीला वापरयोग्य युनिट व अपेक्षित आवर्तने यांच्या गुणाकाराने भागावे. साठवलेल्या प्रत्येक युनिटचा खरा खर्च त्यातूनच कळतो.