विश्लेषण : बाळंतपणानंतरचे नैराश्य, प्रार्थनेने किती भागते?

बाळ घरी आले की सोलापुरातल्या ख्रिस्ती घरांत उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवली जाते. पाळक येतात, मंडळीतल्या बायका येतात, गीते होतात, चहा-फराळ होतो. पण त्याच वेळी बाळंतिणीला सारखे रडू येत असेल, बाळाला जवळ घ्यावेसेही वाटत नसेल तर? उपकार मानण्याच्या दिवशी आपल्या मनात हे काय चालले आहे, याची तिला लाज वाटते. मग ती बोलत नाही.

हे नेमके काय असते?

प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणे, चिडचिड होणे बहुतेक जणींना होते. याला ‘बेबी ब्लूज’ म्हणतात आणि ते साधारण दोन आठवड्यांत ओसरते. त्यानंतरही उदासी टिकली, भूक मेली, बाळ झोपले तरी आईला झोप लागेना, बाळाचा श्वास चालू आहे ना हे रात्रभर तपासावेसे वाटू लागले, तर ते नैराश्य किंवा चिंतेचा आजार असू शकतो. ‘ओल्या बाळंतिणीला होतेच असे’ म्हणून तो सोडून देऊ नये.

प्रमाण किती?

भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला. त्यात हे प्रमाण २२ टक्के, म्हणजे साधारण पाच मातांमागे एक, असे निघाले. त्याआधी २००२ मध्ये गोव्यातल्या मातांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. तिथे २३ टक्के माता नैराश्यात आढळल्या. कारणांमध्ये गरिबी होती, नवऱ्याशी बिघडलेले संबंध होते आणि मुलगी झाल्याचा ताणही होता. ‘विश्वास कमी पडला’ हे कारण त्यात नव्हते.

श्रद्धेचा उपयोग होतो का?

होतो. प्रार्थनेत मनातले बोलायला जागा मिळते, दिवसाला काही क्रम येतो आणि मुख्य म्हणजे घरी माणसे येतात. अडचण सुरू होते ती ‘प्रार्थना वाढव, सगळे ठीक होईल’ या सल्ल्यापासून. आजारी बाईला त्यातून ऐकू येते ते एवढेच, की चूक तुझीच आहे. आधीच अपराधी वाटणाऱ्या आईवर हे आणखी एक ओझे.

खरे तर बायबल याबाबत बरेच मोकळे आहे. ८८ वे स्तोत्र शेवटपर्यंत अंधारातच राहते, त्यात दिलासा देणारा शेवट नाही. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. त्याला झोपू देतो, उठवून भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला देतो. बाळंतिणीला भेटायला जाणाऱ्यांनी हा क्रम लक्षात ठेवायला हरकत नाही. तासभर बाळ सांभाळून आईला झोपू देणे ही मोठी मदत आहे.

शेजारणी काय करू शकतात?

याचे उत्तर पुन्हा गोव्यातच मिळते. ‘संगत’ या संस्थेने स्थानिक आयांनाच प्रशिक्षण देऊन नैराश्य असलेल्या २८० गर्भवतींवर एक प्रयोग केला. त्यातल्या निम्म्या जणींकडे या आया गरोदरपणापासून बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत जात राहिल्या. त्या डॉक्टर नव्हत्या, नर्सही नव्हत्या. सहाव्या महिन्यात त्यांनी भेट दिलेल्यांपैकी ७३ टक्के माता नैराश्यातून बाहेर आल्या होत्या, इतरांमध्ये ६० टक्के. हा कार्यक्रम धार्मिक नव्हता. पण मंडळीतल्या महिला घरोघरी जातातच, वेगळी व्यवस्था उभारायची गरज नाही. प्रशिक्षण मात्र लागेल. ‘एडिनबरा’ ही दहा प्रश्नांची चाचणी जगभर वापरली जाते. तिचा दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याचे उत्तर ‘हो’ आले तर थांबायचे नाही, डॉक्टरकडेच न्यायचे.

सोलापुरात कुठे जायचे?

छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे ‘सिव्हिल’मध्ये, मानसोपचार विभाग आहे. औषध घेतले तर अंगावर पाजता येणार नाही, ही भीती घराघरांत असते. प्रत्यक्षात नैराश्यावरची काही औषधे स्तनपान चालू ठेवून घेता येतात. कोणते, हे डॉक्टर ठरवतील. हजारात एक-दोन मातांना मात्र भास होतात, ‘हे बाळ माझे नाही’ असे वाटू लागते. अशा वेळी पाळकांची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दाखल व्हावे लागले तरी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार तीन वर्षांखालच्या मुलाला आईपासून सहसा वेगळे करता येत नाही.

‘टेली मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, २४ तास चालतो आणि मराठीतही बोलता येते. आईला स्वतः फोन करणे जमत नसेल तर नवरा, सासू किंवा मंडळीतली मैत्रीणही करू शकते.