रंगाआधीची आच
चिनी स्वयंपाकात ‘होंगशाओ’ म्हणजे सोयासॉस, साखर आणि भातापासून केलेली दारू यांच्या थोड्याशा रसात एखादा पदार्थ मंद आचेवर दीर्घकाळ शिजवून त्याला तांबूस तपकिरी रंग आणण्याची पद्धत. या पद्धतीने शिजवलेले डुकराचे मांस, म्हणजे ‘होंगशाओ रोऊ’, हे चीनच्या घरगुती स्वयंपाकातले अत्यंत परिचित पक्वान्न आहे. नावातल्या ‘होंग’ या शब्दाचा अर्थ लाल असल्यामुळे पदार्थाचे मर्म त्याच्या रंगात असावे असा समज सहज होतो. परंतु जुने लेखन पाहिले तर आच आधी आणि रंग नंतर, असाच क्रम दिसतो.

सोंग राजवटीतील कवी आणि अधिकारी सू शी (१०३७–११०१) याला, कवितांतून राज्यकारभाराची निंदा केल्याच्या आरोपावरून १०७९ मध्ये अटक झाली आणि पुढच्या वर्षी त्याची रवानगी आजच्या हुबेई प्रांतातील ह्वांगचौ येथे झाली. तेथे पूर्वेकडच्या उतारावरील जमीन कसताना त्याने ‘दोंगपो’, म्हणजे पूर्वेचा उतार, हे नाव घेतले. डुकराच्या मांसावरची त्याची एक छोटी रचना याच गावाशी निगडित आहे: तेथे हे मांस स्वस्त असूनही श्रीमंत ते खात नाहीत आणि गरिबांना ते शिजवता येत नाही, अशी खंत तीत आहे. कृती म्हणून तो स्वच्छ भांडे, थोडे पाणी, ज्वाळा न उठणारा विस्तव आणि उतावीळपणाला आवर एवढेच सांगतो. सोयासॉस, साखर किंवा दारू यांचा त्यात उल्लेखही नाही. पुढे १०८९ मध्ये हांगचौचा कारभार हाती आल्यावर त्याने तेथील पश्चिम सरोवराचा गाळ काढवला, हा इतिहास आहे. त्या वेळी मजुरांना असे मांस वाटल्याची गोष्ट मात्र लोककथाच मानावी लागते. आज हांगचौमध्ये ‘दोंगपो रोऊ’ म्हणून जे वाढले जाते, ते त्याच्या नावावर नंतरच्या स्वयंपाकघरांनी उभे केलेले पक्वान्न आहे.

साखरेचा धागा तर भारतापर्यंत पोहोचतो, कारण तांग सम्राट ताइत्सोंग याने ६४७ मध्ये साखर करण्याची विद्या शिकून येण्यासाठी मगधात दूत पाठवल्याची नोंद चिनी इतिहासग्रंथात आहे. तरीही साखर जाळून मांसाला रंग देण्याची युक्ती सर्वांना मान्य नव्हती. युआन मेई (१७१६–१७९८) या रसिक विद्वानाने १७९२ च्या ‘सुईयुआन शिदान’ या पाकग्रंथात लाल मांसाचे तीन प्रकार दिले आहेत: एक गोड आंबवलेल्या चटणीचा, दुसरा सोयासॉसचा आणि तिसरा या दोन्हींशिवाय, केवळ मीठ आणि दारूचा. तिन्ही लालच होतात असे सांगून साखरेने रंग चढवण्यास तो स्पष्ट मनाई करतो. त्याच्या मते भांडे लवकर उतरवले तर मांस पिवळट राहते, नेमक्या वेळी उतरवले तर लाल होते आणि उशीर झाला तर जांभळट होऊन त्यातला मांसल भाग कडक पडतो. झाकण वारंवार उघडल्यानेही चव निसटते. म्हणजे त्याच्या दृष्टीने रंग ही वेळेची खूण आहे. ‘हुओहोऊ’, अर्थात आचेचा जोर आणि तिचा अवधी यांचा अचूक मेळ, या चिनी संकल्पनेचे इतके नेमके विवेचन क्वचितच आढळते.

आजच्या घरगुती कृतीत युआन मेईची मनाई सर्रास मोडली जाते. हुनान प्रांतात माओच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या प्रकारात तर रंगाचा मुख्य भार जाळलेल्या साखरेवरच असतो. मांस ‘वूहुआ रोऊ’ घेतात, म्हणजे कातडी, चरबी आणि मांस यांचे थर एकावर एक असलेला पोटाकडचा भाग. त्याचे चौकोनी तुकडे गार पाण्यात घालून उकळी आणतात, वर आलेला फेस काढून ते धुतात, आणि मग कढईत थोड्या तेलावर खडीसाखर तपकिरी होईपर्यंत वितळवून त्यात ते घोळवतात. येथे क्षणभर चुकले की साखर कडवट होते. त्यानंतर शाओशिंगची दारू, चवीसाठी फिकट आणि रंगासाठी गडद असे दोन सोयासॉस, आले, पातीचा कांदा, दालचिनी आणि गोड्या मसाल्यामुळे मराठी घरांना परिचित असलेले बाद्यान घालून, तुकडे जेमतेम बुडतील एवढे गरम पाणी ओततात.

पुढचा तास-दीड तास मात्र आचेचा असतो. कातडीतील आणि मांसातील कोलॅजन हे चिवट प्रथिन साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे सावकाश विरघळून त्याचे जिलेटिन होते; खळखळ उकळल्याने हे काम फारसे लवकर होत नाही, उलट तंतू आकसून पाणी बाहेर टाकतात आणि मांस कोरडे पडते. म्हणून रसात अधूनमधून एखादाच बुडबुडा उठावा इतपत विस्तव ठेवतात. अखेरीस झाकण काढून आच वाढवतात आणि रस आटवतात, ज्याला ‘शोऊ च्र’ म्हणतात. जिलेटिन आणि साखर यांच्यामुळेच तो चकचकीत आणि दाट होतो, त्याला पिठाची गरज लागत नाही. उरलेला रस रात्रीतून थिजून थरथरतो, आणि शांघायकडच्या घरांत दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मंद आचेवर ठेवून त्यात उकडलेली अंडी किंवा टोफूच्या पातळ पापुद्र्यांच्या गाठी मुरवतात.