देवाच्या नावाचे पान

गेल्या मार्गशीर्षात आमच्या नात्यातील एक दांपत्य भोंगवलीस आमच्या घरी आले. लग्नास अकरा वर्षे झालेली, संतती नाही. पुण्यास दोघेही नोकरी करतात. परंतु घराचे कर्ज डोक्यावर आहे. दत्तक घ्यावे हे मनाशी ठरलेले, अडते ते पैशापाशी. मूल आले म्हणजे सूनबाईंस काही काळ तरी नोकरी सोडावी लागणार, मग हप्ता कोठून भरावा? कोणा वडीलधाऱ्यांनी त्यांस सांगितले होते, 'देव पाहून घेईल.' त्या वाक्याने धीर येण्याऐवजी आपली भीतीच वाढली, असे त्यांनी प्रांजळपणे कबूल केले. 'काका, तुम्ही या वाटेने गेलेले आहात. काय ते तुम्हीच सांगा,' एवढे बोलून दोघे गप्प बसली.

दत्तक ही गोष्ट आपल्या घरांस नवी नव्हे. परंतु पूर्वीच्या दत्तकात चिंता उलट्या बाजूची असे. इस्टेट असे, तीस वारस हवा असे आणि पिंडास पुत्र हवा असे. नंदपंडितांची 'दत्तकमीमांसा' चाळावी तर कोणी द्यावा, कोणी घ्यावा, गोत्र कोणते, याचाच ऊहापोह फार. टाकलेल्या पोराला पोटाशी धरण्याचा विचार मात्र मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात सापडतो. मनूने बारा प्रकारचे पुत्र सांगितले आहेत. त्यांत आईबापांनी टाकलेला व दुसऱ्याने उचलून घेतलेला तो 'अपविद्ध' होय, आणि त्यास मनूने वारसाहक्काच्या पहिल्या सहा पुत्रांत बसविले आहे. अनाथाचे गोत्र विचारणाऱ्यांनी हा अध्याय एकदा अवश्य उघडावा.

भोंगवलीहून जुन्या सातारा रस्त्याने पुण्यास जाताना कात्रजचा बोगदा लागतो. त्याच्या कामाशी जोतीराव फुल्यांच्या कंत्राटी कंपनीचे नाव जोडलेले आहे. १८६३ साली याच जोतीरावांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी व सावित्रीबाईंनी १८७४ साली आपला म्हणून घेतला, तो यशवंत. काशीबाईस आपल्यासारख्यांच्या घरांनी थारा दिला नव्हता, हे येथे लिहिताना आमची मान खाली जाते.

कंत्राटदारीत मिळविलेला पैसा लोककार्यात गेला. १८८७ साली जोतीरावांनी रीतसर मृत्युपत्र करून यशवंताची व्यवस्था लावली. पुढच्याच वर्षी अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला आणि घरात ओढगस्त सुरू झाली. मुलगा अजून शिकत होता. त्या स्थितीत जोतीरावांनी डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहून पुरे केले. आपल्या पूजाअर्चा त्यांस मान्य नव्हत्या; ईश्वरास ते 'निर्मिक' म्हणत. त्यांच्या मतांविषयी कोणास काय वाटावयाचे ते वाटो. परंतु विश्वास टाकावयाचा तो मृत्युपत्र नोंदवून आणि डावा हात कामाला लावून, हे आम्हांस त्यांच्याकडून घेण्यासारखे वाटते. १८९० साली मामा परमानंदांनी सयाजीराव महाराजांस पत्र लिहून या कुटुंबासाठी शब्द टाकला व बडोद्याहून साहाय्य मिळाले. सयाजीराव स्वतः दत्तक गेलेले! नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा मुलगा १८७५ साली जमनाबाईंच्या मांडीवर बसला आणि बडोद्याचा धनी झाला. एका दत्तकाची ओंजळ दुसऱ्या दत्तकाच्या घरी रिती झाली, यात आम्हांस ईश्वराचा हात दिसतो. यशवंत पुढे डॉक्टर झाले. १८९७ च्या प्लेगात त्यांच्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा करीत असतानाच सावित्रीबाईंस प्लेग झाला व त्यातच त्यांचा अंत झाला.

आता आमचे. १९८९ साल. आम्ही प्राथमिक शाळेत मास्तर. हाती येणारा पगार चौदाशेच्या आसपास आणि त्यातून पतपेढीचा हप्ता कापला जाई. १९५६ च्या कायद्याने मुलगीही दत्तक घेता येऊ लागली होती. एका संस्थेतील आठ महिन्यांची मुलगी आमच्या कुटुंबाने पाहिली आणि घरी येऊन पाटावर जी बसली ती जेवेचना. आम्ही चोपडी काढून जमाखर्च मांडला. महिन्यास एकशेचाळीस रुपये कमी पडत होते. पुन्हा मांडला, तरी तेवढेच. तेव्हा ती म्हणाली, 'एक पान कोरे ठेवावे. वर देवाचे नाव लिहावे.' आम्हांस तो बायकी भाबडेपणा वाटला, तरी पान ठेवले.

आमचे वडील, अण्णा, यांचा विरोध होता. गोत्राचा प्रश्न आम्ही वर सांगितलेल्या मनूच्या आधाराने मिटविला; ते दोन दिवस बोलले नाहीत. मुलगी आली त्या रात्री ती भुकेने रडू लागली तेव्हा अण्णा उठले, कंदील घेऊन गोठ्यात गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी गावात जाणारा लिटरभर दुधाचा रतीब त्यांनी बंद केला. 'मामंजींनी घरातली रोकड मिळकत तोडली,' असे म्हणून आमचे कुटुंब रडले. पण ते दुःखाने नव्हे.

सगळे असेच सुरळीत झाले असे मात्र कोणी समजू नये. दुसऱ्या पावसाळ्यात पोरीला न्यूमोनिया झाला. पाटल्या गहाण पडल्या. त्यांतली एक सुटली, दुसरी कधीच परत आली नाही. पतपेढीचे कर्ज फिटावयास सहा वर्षे लागली. गीतेतल्या योगक्षेम शब्दाचा अर्थ आम्ही वर्गात किती वेळा सांगितला असेल : नसलेले मिळणे तो योग, असलेले राखणे तो क्षेम. मिळते ते पाटली जाऊनही मिळते, हे टीकेत कोठे आढळले नव्हते.

त्या दांपत्यास आम्ही आधी व्यवहाराचे सांगितले. आता अर्ज केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे संगणकावरून करावयाचा असतो. २०२१ च्या दुरुस्तीने हुकूम देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपविला आहे. शुल्क नियमाने ठरलेले असते. त्याबाहेर कोणी एक रुपया मागितला तरी देऊ नये. प्रतीक्षा वर्षानुवर्षांची, तेवढ्यात कर्जाचा काही भाग फेडता येतो. मग सूनबाईंनी हळूच विचारले, 'त्या पानावर पुढे काय लिहिलेत?'

फडताळातून चोपडी काढून आम्ही त्यांच्यापुढे ठेवली. शाई फिकट झाली आहे, पण वाचता येते. दूध, रोज एक लिटर, अण्णा. झबली चार, वन्सं. डॉक्टरांनी फी घेतली नाही, दोन वेळा. पाळणा, शेजारच्या तात्यांकडून, परत करावयाचा. त्याच्यापुढे आमच्या मुलीच्या हातची, ती सातवीत असतानाची एक ओळ आहे : पाळणा परत केला.