आजीची सुरी भंगारात? थांबा जरा!

माळा आवरताना आजीची लोखंडी सुरी हाती लागते. पातं गंजून तांबूस, मूठ सुकलेली. आई म्हणते, 'टाक भंगारात.' आजी काहीच बोलत नाही. अशा वेळी एक रविवार त्या सुरीला द्याच.

फक्त पातं पांढऱ्या व्हिनेगरमध्ये दोन-तीन तास बुडवा, मूठ बाहेर ठेवा. गंज सैल होतो. पण रात्रभर विसरलात, तर व्हिनेगर चांगलं पोलादही खाऊ लागतं! मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुऊन तारेच्या घासणीने घासा. हट्टी डागांना 220 नंबरचा पॉलिश पेपर, शेवटी 400चा. हात पाठीकडून धारेकडे न्या, उलटा बिलकूल नको.

धार लावायला ग्राइंडर नको. पातं तापून निळं पडलं, की पोलादाचा कडकपणा गेलाच. ओल्या दगडावर साधारण 20 अंशांत, दोन्ही बाजूंनी सारखं, सावकाश घासा. कागद सर्रकन कापला गेला, की जमलं. धुऊन, कोरडी करून पात्याला आणि मुठीला खोबरेलाचं बोट फिरवा.

आरशासारख्या चकाकीच्या नादी मात्र लागू नका. तांबडा गंज घालवायचा. करडा-काळपट थर राहू द्या, तो पात्याला थोडंफार जपतो. आणि मध्येच झिजून बारीक झालेलं पातं? ते सरळ करायला जाऊ नका. तिथे आजीची कितीतरी वर्षं आहेत.

पहिला कांदा कापायला सुरी तिच्याच हातात द्या.