अकरा सेकंदांचा घाट

संपादकांनी पाठवली होती ती कुत्र्यांच्या एका खेळाची चित्रफीत. फ्लायबॉल म्हणतात त्याला. चार कुत्र्यांचा संघ, 51 फुटांची धाव, वाटेत चार अडथळे. टोकाला एक पेटी असते. तिच्यावर पाय मारला की चेंडू उसळतो, तो तोंडात धरून अडथळे ओलांडत परत यायचं, मग पुढचा कुत्रा सुटतो. यातला एक नियम मला फार आवडला. अडथळ्यांची उंची ठरते ती संघातल्या सगळ्यात बुटक्या कुत्र्यावरून. म्हणून धिप्पाड, चपळ कुत्र्यांच्या संघात मुद्दाम एखादा जॅक रसेल टेरियर घेतात. इंग्लंडातल्या जॉन रसेल नावाच्या पाद्र्याने कोल्ह्यांच्या शिकारीसाठी जोपासलेली ही जात जेमतेम फूटभर उंचीची. पण ती संघात असली की चौघांचीही उडी हलकी होते. संपादकांचं म्हणणं एवढंच होतं की पिंपरी-चिंचवड, चाकणच्या पट्ट्यात असं एखादं जनावर आणि असा एखादा खेळ शोधून काढ.

शोधायला लांब जावं लागलं नाही. भोसरीतून नाशिक रस्त्याला लागलं की मोशीपासूनच फलक दिसायला लागतात. त्यांवर पुढाऱ्यांच्या चेहऱ्यांच्या बरोबरीने बैलांचे चेहरे असतात, खाली मोठ्या अक्षरात ‘नाद एकच, बैलगाडा शर्यत’. चार पायांवर पळणारा इथला खेळाडू खिल्लार बैल आहे आणि त्याचं मैदान म्हणजे घाट.

घाट म्हटलं की परक्या माणसाच्या डोळ्यांपुढे बोरघाट येईल. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या भागात घाट म्हणजे यात्रेच्या माळावरचा चढ. खालून वर सरळ गेलेली, दोन्ही बाजूंनी बंदिस्त केलेली मातीची धाव. निमगाव दावडीला खंडोबाच्या डोंगराशी आहे तसा. एका वेळी एकच गाडा पळतो, त्याला इथे बारी म्हणतात. गाड्याला चार बैल: पुढचे दोन जुकाटाचे, मागचे दोन धुरेचे. सातारा-सांगलीकडच्या मैदानात हलक्या छकड्यावर गाडीवान उभा असतो आणि पाच-सात जोड्या एकदम सुटतात. आपल्याकडे गाड्यात कुणी बसत नाही. कासरा हातात धरणारं कुणी नाही, मागून हाकणारं कुणी नाही. चार बैल, रिकामा गाडा आणि घड्याळ. चांगली बारी अकरा-बारा सेकंदांत संपते. सगळ्यांत कमी वेळात वर पोचलेला गाडा घाटाचा राजा.

मग ते बैल सरळ पळतात कसे?

या एका प्रश्नापायी मी एका यात्रेत सकाळपासून दिवस कलेपर्यंत थांबलो. उत्तर गाड्याच्या पुढे असतं. तिथे घोडी असते. घोडीवर एक सडपातळ पोरगा, बहुतेक वेळा खोगीर नसलेल्या उघड्या पाठीवर. बैल त्या घोडीमागे पळतात. लहानपणी, आदत असतानाच, म्हणजे दुधाचे दात पडायच्या आधी, खोंडाला घोडीमागे पळायची सवय लावतात. पुढे दोन दातांचा दुसा झाला, चार दातांचा चौसा झाला, तरी त्याच्या डोक्यात शर्यत म्हणजे पुढची ती शेपटी.

मी खाली, जुंपणीच्या जागी उभा होतो. गाडा जुंपताना दहा-बारा माणसं बैलांना बिलगलेली असतात. दोघे शिंगं धरून, कुणी वेसणीला, कुणी चाकाला खांदा देऊन. बैलांच्या पाठी भंडाऱ्याने पिवळ्याजर्द झालेल्या. जुकाटाचा डावीकडचा बैल, कोसा रंगाचा, सारखा उजवा पाय आपटत होता आणि प्रत्येक आपटण्याबरोबर त्याच्या वशिंडावरची कातडी थरथरत होती. घोडीवाला चार-पाच हात पुढे होता. घोडीचं तोंड वर घाटाकडे आणि त्याची मान मात्र मागे वळलेली. त्याने डावा हात घोडीच्या आयाळीत गुंतवला होता, उजवा मोकळा. तो निशाणाकडे बघत नव्हता, बैलांच्या डोळ्यांकडे बघत होता. चौघांचे डोळे एकदम घोडीवर आले की त्याने टाच मारायची. एक जरी बैल बाजूला बघत असला तर बारी वाया.

मग माणसं एकदम बाजूला झाली. समालोचकाचा ‘भिर्रर्र’ ध्वनिक्षेपकातून फुटला, धूळ उठली आणि वर हलग्या कडाडल्या, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी श्वास घ्यायचा विसरलो होतो. वरच्या फळ्यावर आकडे उमटले. सेकंदाच्या शंभराव्या भागाने कुणी फेटा उडवला, कुणी मटकन खाली बसला.

घोडीवाल्याचं कसब असं की त्याने बैलांपासून फार लांब जायचं नाही आणि फार जवळही राहायचं नाही. लांब गेला तर बैलांचा नाद सुटतो. जवळ राहिला आणि घोडी अडखळली, तर मागे चार खिल्लार, एकेक चारशे-पाचशे किलोंचा, आणि त्यांना थांबवायला कुणी नाही. वर निशाण ओलांडल्यावरही त्याला थांबता येत नाही. घोडी बाजूला काढून पुढच्या मोकळ्या रानात नेत नेत बैलांचा वेग मोडायचा असतो. त्या दिवशी त्याने किती बाऱ्यांना घोडी धरली ते मोजणं मी मध्येच सोडून दिलं. बक्षिसाच्या यादीत त्याचं नाव मागाहून येतं, गाडामालकांचं आधी. गाडामालकही एक नसतो. जुळलेले चार बैल एकाच दावणीला सापडणं दुर्मीळ, म्हणून दोन-तीन गावांचे मालक आपापले बैल एकत्र आणतात. इथे मला तो फूटभर उंचीचा टेरियर आठवला. या खेळातही चौघांतला जो कमी पडेल त्याच्यावर सगळ्यांचं माप ठरतं. तीन बैल वाऱ्यासारखे आणि चौथा अर्धा पाऊल मागे, तर गाडा तिरका होतो. सगळी हुशारी चार एकसारखे शोधण्यात आहे.

खिल्लार ही मूळची इथली जात नव्हे. आटपाडी, म्हसवड, सांगोला हा तिचा मुलूख. धनगरांनी जोपासलेली, दुष्काळात तगणारी, लांब टोकदार शिंगांची. गाय दूध फार देत नाही, बैल मात्र पळणारा. चाकणचा शनिवारचा बाजार जनावरांसाठी पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेला, त्यामुळे चांगला खोंड या बाजूला येत राहिला. या जातीचं कर्तृत्व बघायचं तर सांगलीकडे बघावं: 2023 मध्ये भाळवणीच्या मैदानात बकासूर आणि महिब्या या जोडीने थार गाडी जिंकली आणि बकासूरचं नाव शाळकरी पोरांच्या तोंडी झालं. त्याआधी, मे 2022 मध्ये, आपल्या चिखलीत झालेल्या शर्यतीचं पहिलं बक्षीस जेसीबी होतं.

चिखली, मोशी, चऱ्होली ही गावं 1997 साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. पलीकडे चाकणला मोटारींचे कारखाने आले, वावरं गेली, पैसा आला. नांगराला बैल लागेनासा झाला तेव्हा गोठ्यातून तो निघून जायला हवा होता. तो राहिला तो या अकरा सेकंदांसाठी.

हा खेळही मध्ये जवळजवळ गेलाच होता. 2011 च्या जुलैत केंद्राने खेळ करवायला बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. राज्याने 2017 मध्ये कायदा दुरुस्त केला, तर उच्च न्यायालयाने परवानग्या थांबवल्या. 16 डिसेंबर 2021 ला वाट मोकळी झाली आणि 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कायदा कायम केला. 2022 च्या फेब्रुवारीत निमगाव दावडीच्या घाटात खासदार अमोल कोल्हे यांनी निवडणुकीत दिलेल्या शब्दाप्रमाणे स्वतः घोडी धरली. बंदीच्या त्या वर्षांत सांभाळलेले बैल पळायचं वय उलटून म्हातारे झाले. काहींनी एकही बारी न पळवता खुराक चालू ठेवला होता. उडदाचं पीठ, दूध, अंडी, शेततळ्यात पोहणी, सगळं. कुणी त्याला वेडेपणा म्हणेल. मला तो जनावराशी केलेला करार वाटतो.

पण बंदी उगीच आली नव्हती, हे घाटावर उभं राहून मान्य करायला हवं. शेपटी पिरगळणं, टोचणी, बॅटरीचा झटका हे सगळं होत होतं आणि जुन्या लोकांनी ते पाहिलेलं आहे. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्याची तपासणी लागते, काठी-चाबूक-झटक्याला मनाई आहे. मी होतो त्या यात्रेत जुंपणीच्या जागी काठी दिसली नाही. मात्र दुपारनंतर गर्दी वाढली तसा एका बैलाच्या शेपटीला गेलेला हात मी पाहिला. शेजारच्याच म्हाताऱ्याने तो झटकून टाकला. या म्हाताऱ्यासारखी माणसं प्रत्येक घाटावर असतील का, याची मला काळजी वाटते. मोठ्या बक्षिसापुढे एक सेकंद कमी करायचा मोह फार मोठा असतो.

दुसरी काळजी माणसांची. घाटाच्या कडेला पोरं मोबाइल उंचावून आत झुकतात. न हाकता पळणारा गाडा वळला तर तो कुणाच्याच हातात नसतो. वर निशाणापलीकडे थांबायला जे मोकळं रान लागतं तेच आता कमी होत चाललंय. पूर्वी घाटाच्या वर ज्वारीचं वावर असायचं. बैल त्यात शिरून आपोआप मंदावायचे. आता तिथे गोदामाची भिंत येते, नाहीतर प्लॉटिंगचे खांब. घाट सरकारी कागदावर मैदान म्हणून फारसा कुठे नसतो. तो गावाच्या आठवणीत असतो, आणि आठवणीवर तारेचं कुंपण घालायला वेळ लागत नाही. घाट वाचवायचा असेल तर तो विकास आराखड्यात क्रीडांगणासारखा आखून घ्यायला हवा. मोशी-चिखलीसारख्या महापालिकेतल्या गावांना हे जमण्यासारखं आहे, आणि ते लवकर व्हावं असं मला मनापासून वाटतं.

तिसरी गोष्ट गाईची. शर्यतीचा बैल लाखांत विकला जातो, पण त्याला जन्म देणारी खिल्लार गाय दूध कमी म्हणून गोठ्यातून जातेय, तिच्या जागी संकरित येतेय. खोंड विकत घेणारे खूप, गाय पाळणारे थोडे. 2022 साली लम्पीची साथ आली, शर्यती आणि बाजार थांबले, तेव्हा प्रत्येक दावणीवर बैलासाठी रात्र जागवली गेली. गाईसाठी तेवढी जागवणारे फक्त जुने धनगर.

आणि घोडीवाला. संध्याकाळी तो घोडीचे पाय पाण्याने धूत होता. चारही खुर उचलून, बोटाने खडे काढून. त्याच्या डाव्या पोटरीवर जुनी लांबट खूण होती. मी विचारलं, दादा, हे घाटातलं? त्याने नुसती मान हलवली आणि घोडीच्या मानेवर थाप मारली. सोमवारी त्याला सकाळची पाळी होती, चाकणच्या एका कारखान्यात.

परतताना तळेगाव चौकात गाडी अडकली. कंपन्यांच्या बसगाड्या, कंटेनर, पाळी सुटलेल्यांच्या दुचाकींची रांग. माझ्या शेजारच्या पिकअपमध्ये तो कोसा बैल उभा होता. पाठीवर झूल, कपाळावर भंडारा, लांब शिंगं टपाच्या वर गेलेली. पलीकडे निळ्या गणवेशातला एक कामगार दुचाकीवरून उतरला, हेल्मेट काढून हँडलला अडकवलं, आणि हात लांब करून त्याने बैलाच्या कपाळाला लावला, मग स्वतःच्या. सिग्नल हिरवा झाला तरी मागून कुणी हॉर्न वाजवला नाही.